कोकणातल्या उतारावर घर: जमीन नव्हे, जोतं तोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांजा तालुक्यात सड्याच्या (कातळाच्या उघड्या पठाराच्या) खाली, पश्चिमेकडे उतरणारी 18 गुंठे जागा घेतली आहे. निवृत्तीनंतर नवरा-बायको तिथे राहणार, मुलं सुट्टीत येणार. घर साधं, निसर्गाला धरून आणि शक्यतो चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) हवं आहे. ठेकेदार म्हणतो, जेसीबी लावून दोन दिवसांत जागा सपाट करतो. ओळखीतले एक आर्किटेक्ट म्हणतात, जमिनीला हातच लावू नका, खांबांवर घर उभारा. यातलं काय करावं, आणि पाण्याचं, छपराचं काय?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दोन्ही नको. जमीन सपाट करायची नाही आणि घर खांबांवर उचलायचंही नाही. घराचं जोतं, म्हणजे घर ज्यावर उभं राहतं तो चौथरा, एका पातळीत न ठेवता दोन टप्प्यांत तोडायचं. पण त्याही आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते ठरवायचं. कोकणात उतारावरचं घर बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. भिंत, छप्पर, रंग या गोष्टी नंतर दुरुस्त होतात. घरामागून चुकीच्या वाटेने येणारं पाणी मात्र दरवर्षी नवं दुखणं घेऊन येतं.

म्हणून नकाशा काढायला बसण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. जुलैत, भर पावसात, छत्री-इरलं जे असेल ते घेऊन जागेवर दोन-तीन दिवस काढा. डिसेंबरमध्ये जमीन बघून व्यवहार होतात, कारण तेव्हा गवत सोनेरी असतं आणि गाडी वरपर्यंत जाते. त्या जमिनीत कुठे उपळ (पावसाळी झरा) फुटतो हे तेव्हा कळत नाही. जुलैत कळतं. जिथे पाय टाकला की पाणी वर येतं, जिथे गवताऐवजी लव्हाळ्यासारखं काहीतरी माजलेलं आहे, जिथे वरून आलेली पाण्याची रेघ माती कापत गेली आहे, त्या जागा खुंट्या मारून ठेवा. घर त्यांच्यावर येणार नाही, एवढा पहिला नियम.

हे असं का होतं, ते जमिनीच्या पोटात आहे. सड्यावर वरचा थर टणक कातळाचा. त्याखाली मऊ जांभा, ज्यातून चिरे निघतात. त्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर आणि मग खाली काळा दगड. जांभा सच्छिद्र आहे. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस त्यातून झपाट्याने खाली जातो आणि चिकणमातीवर अडतो. तिथून तो आडवा सरकत उताराच्या पोटातून बाहेर येतो. सड्याच्या पायथ्याशी झरे आणि वाडीच्या विहिरी ओळीने दिसतात, त्या याच रेषेवर. तुमची जागा सड्याच्या लगेच खाली आहे, म्हणजे ही रेषा तुमच्या जागेत किंवा तिच्या आसपासच असणार. ठेकेदाराने उतार कापताना ही चिकणमाती उघडी पडली, तर वर भिजलेला जांभा आणि खाली गुळगुळीत चिकट थर अशी स्थिती होते. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. मग एखाद्या पावसात तो सगळा काप खाली येतो.

माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या तिन्ही दुर्घटना जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाल्या, जमीन पूर्ण भिजलेली असताना. त्या डोंगरांची जात, उंची आणि उतार वेगळे होते, तुमच्या सौम्य उताराशी त्यांची थेट तुलना करू नये. पण तपासणी करायला काय हरकत आहे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे त्यांच्या भूकोश या संकेतस्थळावर बघता येतात. शिवाय स्वतःच्या डोळ्यांनी बघा: झाडांचे बुंधे खालच्या बाजूला झुकून मग वर वळलेत का, जमिनीत उताराला आडव्या भेगा आहेत का, वरच्या बाजूला कोणी खाण काढली आहे का किंवा रस्ता कापला आहे का. यातलं काही असेल तर भूवैज्ञानिकाला जागा दाखवल्याशिवाय पुढचा पैसा घालू नका.

आता उतार मोजू. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिच्या साहाय्याने दर दहा फुटांवर उंचीतला फरक लिहून घ्या आणि एकाच पातळीतल्या बिंदूंना चुन्याची रेघ मारा. अशा दोन-दोन फुटांच्या फरकाने रेघा मारल्या की जमीन कशी वळते ते जागेवरच दिसतं. रेघा जिथे एकमेकींपासून लांब गेल्यात तिथे उतार सौम्य, तिथेच घराची जागा शोधायची. राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत टेकड्यांवरच्या 1:5 हून तीव्र उताराला बांधकामाची परवानगी मिळत नाही, तेव्हा हा आकडा कागदावर असणं परवानगीसाठीही कामाचं आहे. आणि खरं सांगायचं तर 1:5 च्या पुढे एकमजली घरासाठी जायचं कारणही नसतं.

धरून चालू, तुमचा उतार 1:6 आहे. घर, पुढची पडवी आणि मागची मोकळी गल्ली मिळून उताराच्या दिशेने 36 फूट आणि उताराला आडवी 50 फूट जागा लागते. ठेकेदार म्हणतो तसं सगळं कापून सपाट केलं तर मागच्या बाजूला 6 फुटांचा काप येतो आणि 5,400 घनफूट, म्हणजे 54 ब्रास माती निघते. ती पोकळ होऊन आणखी फुगते आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूला ढकलून दिली जाते. अर्धं कापून अर्धं भरलं, तर काप 3 फुटांवर येतो आणि माती साडेतेरा ब्रास. आणि 18-18 फुटांचे दोन टप्पे करून प्रत्येकात अर्धं कापलं, अर्धं भरलं, तर काप दीड फुटाचा आणि माती पावणेसात ब्रास. म्हणजे जोतं दोन टप्प्यांत तोडून अर्धं कापलं, अर्धं भरलं, एवढ्यानेच खोदाई आठव्या हिश्शावर आली. निघालेली माती तिथल्या तिथे भरणीत बसते, बाहेर ढकलायला काही उरत नाही. डिझेल वाचलं, वरची सुपीक माती वाचली आणि मागचा काप इतका बुटका झाला की त्याला मोठी भिंतही लागत नाही.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. भरणीवर भिंतीचा पाया ठेवायचा नाही. भरणीवर फरशी येईल, अंगण येईल, पण पाया मूळ न हललेल्या जमिनीपर्यंत खाली न्यायचा, मग खालच्या बाजूचं जोतं थोडं उंच झालं तरी चालेल. कोकणातली जुनी घरं याच पद्धतीची आहेत. समोरून जोतं छातीएवढं, मागून जेमतेम एक पायरी. खळं खाली, पडवी त्याच्या वर, ओटी आणखी वर, माजघर त्याहून एक उंबरा वर. ही चढण निव्वळ मानपानाची नव्हती. प्रत्येक टप्प्याने उतार थोडा थोडा गिळला होता.

दोन टप्प्यांत 3 फुटांचा फरक येतो, म्हणजे सहा-सहा इंचांच्या सहा पायऱ्या. तुम्ही निवृत्तीनंतर राहायला येणार आहात, म्हणून ही गोष्ट गंभीरपणे घ्या. स्वयंपाकघर, तुमची झोपायची खोली आणि न्हाणीघर एकाच टप्प्यावर हवंच. दुसऱ्या टप्प्यावर बैठक, पडवी आणि मुलांची खोली. गुडघे कुरकुरायला लागले की पायऱ्या न उतरता दिवस काढता आला पाहिजे. कोणता टप्पा तुमचा, हे गाडीरस्ता कुठून येतो त्यावर ठरवा. घराच्या बाजूने, चुन्याच्या रेघेला समांतर, 1:12 ची एक चढण काढायला जागा राखून ठेवा. 3 फुटांसाठी ती 36 फूट लांब होते, तेव्हा ती नंतर सुचून भागत नाही.

गाडीरस्त्यावरून आठवलं. घरापेक्षा जास्त डोंगर गाडी कापते. दारापर्यंत गाडी हवी म्हणून दहा फूट रुंदीचा रस्ता सरळ उतारावरून काढला की तो पावसाळ्यात व्हाळ (ओहोळ) होतो, आणि तो व्हाळ नेमका तुमच्या अंगणात संपतो. गाडी रस्त्यालगत ठेवा आणि तिथून घरापर्यंत पाखाडी बांधा. चिऱ्याच्या रुंद, बुटक्या पायऱ्या, कडेला पाण्याची नाळी. सामान आणायला आणि आजारी माणसाला न्यायला एक अरुंद, वळणं घेत जाणारी वाट पुरे. यावर घरोघरी वाद होतात हे मला माहीत आहे, पण मी ज्या घरांत पाखाडीचा आग्रह धरला तिथे पुढे कोणी रस्ता मागितलेला नाही.

खांबांच्या पर्यायाबद्दल. चित्रात तो सुंदर दिसतो आणि हलक्या लाकडी खोलीसाठी ठीकही आहे. पण सिमेंटचे खांब आणि वर स्लॅब असं घर उतारावर घेतलं की वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. भूकंपात सगळा स्लॅब एकत्र हलतो आणि आखूड खांब ताठ असल्याने बहुतेक जोर ओढून घेतो. खांबाचा ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात जातो, म्हणजे एकाच जाडीचे 3 फुटांचा आणि 9 फुटांचा असे दोन खांब असतील, तर आखूड खांब 27 पट ताठ. तोच आधी तुटतो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवतो ते कोकणात हा विषय हसण्यावारी नेणार नाहीत. शिवाय खांबांखालची कोरडी जागा काही वर्षांत जळाऊ लाकडं, मोडकी सायकल आणि सापांची होते.

आता घराच्या मागचं पाणी. जुन्या घराच्या मागीलदारी गेलात तर डोंगर आणि भिंत यांच्यामध्ये माणूस घमेलं घेऊन सहज चालू शकेल एवढी गल्ली दिसेल. तळाला दगड बसवलेले, मधून नाळ, दोन्ही टोकांना उतार. मृग लागायच्या आधी घरातलं कोणीतरी ती खरवडून साफ करतं. हल्ली ही गल्ली म्हणजे वाया गेलेली जागा वाटते आणि डोंगराचा काप हीच घराची मागची भिंत करतात. विदेशातल्या मातीत अर्धवट पुरलेल्या घरांची छायाचित्रं बघून कोणी तसं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. कोरड्या, थंड मुलखात ते शहाणपणाचं असेल. कोकणात जून ते सप्टेंबर त्या भिंतीला पाझर फुटेल आणि गाद्यांना बुरशी. मागची गल्ली किमान 5 फूट ठेवा.

त्याच्याही वर, घरापासून पंधरा-वीस फुटांवर, उताराला आडवा एक चर घ्या. वरून येणारं पाणी घरापर्यंत न येऊ देता बाजूला काढून देणं एवढंच त्याचं काम. तुमच्या घराच्या वर 10 गुंठ्यांचा उतार असेल आणि तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 1 लाख लिटर पाणी येऊ शकतं, म्हणजे सेकंदाला 28 लिटर. दीड फूट रुंद, दीड फूट खोल, दगड लावलेला आणि शंभराला एक असा हलका उतार दिलेला चर हे पाणी आरामात नेतो. पानापाचोळ्याने अर्धा भरला तरी नेतो. चराचं तोंड जिथे खाली सोडाल तिथे पायऱ्या-पायऱ्यांची दगडी नाळ करा, नाहीतर पाणी तिथे खड्डा खणेल. आणि ते शेवटी नैसर्गिक पऱ्यालाच (ओढ्यालाच) मिळालं पाहिजे. शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत सोडून दिलंत, तर पहिल्याच पावसात गावाशी तुमची ओळख कोर्टाच्या भाषेत होईल.

इथे मला एका चांगल्या हेतूने होणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपल्या अंगवळणी पडलंय. म्हणून लोक घराच्या वरच्या उतारावर सलग समतल चर खणतात, शेततळं करतात, आणि तिथेच पाणी जिरवतात. घराच्या डोक्यावर पाणी जिरवणं म्हणजे घरामागचा उतार आतून जड आणि ढिला करणं. जांभ्यात ते झपाट्याने उतरतं आणि तुमच्या मागच्या कापातून, नाहीतर फरशीखालून वर येतं. जिरवायचंच आहे ना, तर घराच्या खालच्या अंगाला, पायापासून लांब जिरवा. तिथे चर काढा, खड्डे काढा, आगर करा. घराच्या वर फक्त वळवा.

आधाराच्या भिंतींचंही पाण्याशीच नातं आहे. मातीचा भिंतीवरचा एकूण जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. 6 फुटांच्या भिंतीवर 3 फुटांच्या भिंतीच्या चौपट जोर येतो. मागे पाणी तुंबलं तर तो कोरड्या मातीच्या दुपटीहूनही वर जातो. म्हणूनच आपला गडगा, म्हणजे सुक्या दगडांचा रचलेला बांध, टिकतो आणि नवी चकचकीत सिमेंटची भिंत फुगते. गडग्यात चुना-सिमेंट नसतं, पाणी त्यातून निघून जातं. 3-4 फुटांपर्यंत कोरडा दगडी गडगा उत्तम: तळाला उंचीच्या निम्म्याएवढी रुंदी, वर निमुळता, डोंगराकडे थोडा कललेला, आणि मागे मातीऐवजी हातभर रुंद खडीचा भराव. त्याहून उंच भिंत लागत असेल तर ती एकात न घेता मध्ये पुरेशी मोकळी पट्टी सोडून दोन टप्प्यांत घ्या. सिमेंटमध्ये बांधलीच तर पाण्याला बाहेर पडायला भोकं ठेवा आणि 5 फुटांच्या वर गेलात तर इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या. आता गडगा रचणारे कमी उरलेत, हे खरं. जे आहेत त्यांना घराच्या गवंड्याच्या आधी बोलावून ठेवा.

बांधावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली माणसाच्या उंचीपलीकडे जातात आणि माती धरून ठेवतात. कडेला माणग्याची (बांबूची) बेटं चालतील. जागेत आहेत ती ऐन-किंजळाची झाडं घरासाठी मोकळं दिसावं म्हणून तोडू नका. उताराला धरून ठेवणारी मुळं मेल्यावर दोन-चार वर्षांनी कुजतात आणि मग जमीन सुटते.

चिरा तुमच्या भागात दहा-पंधरा किलोमीटरच्या आत मिळतो, त्याला भाजावं लागत नाही, तेव्हा भिंतीसाठी दुसरा विचार करायची गरज नाही. फक्त खाणीतून काढलेला ओला चिरा लगेच भिंतीत घालू नका. उन्हावाऱ्यात तो टणक होतो. एकमेकांवर आपटून आवाज ऐका: ठण्ण वाजणारे पायाला आणि पश्चिमेच्या भिंतीला, बद्द वाजणारे आतल्या आडभिंतींना. मातीचे पांढरे-पिवळे डाग भरलेले परत पाठवा. एकमजली घराला सिमेंटचा सांगाडा लागत नाही. भारवाही भिंती आणि जोत्याला, दारं-खिडक्यांच्या माथ्याला नि छपराखाली असे सळईचे तीन पट्टे घरभर सलग फिरवले की भूकंपाच्या दृष्टीनेही घर बांधीव होतं. दोन टप्प्यांच्या घरात जोत्याचा पट्टा मध्येच तुटतो. तिथे वरचा पट्टा खाली वळवून खालच्याशी बांधून घ्यायला गवंड्याच्या डोक्यावर उभं राहा. नकाशात हे असतं, जागेवर विसरलं जातं.

चिऱ्याला बाहेरून गिलावा नको, पण पश्चिमेचा पाऊस आडवा येतो आणि चिरा तो पितो. त्यावर उत्तर म्हणजे पडवी आणि पाखं (छपराची उतरती बाजू). पश्चिमेला पडवी पूर्ण लांबीची घ्या, पाखं भिंतीच्या पुढे निदान 3 फूट. जुन्या घरांत पाऊस सुरू व्हायच्या आत पडवीला विणलेल्या झापांच्या झडी बांधत. आज काढता-घालता येणाऱ्या बांबूच्या चौकटी करता येतील. तुमचा उतार पश्चिमेचा, म्हणजे दृश्य, संध्याकाळचं ऊन आणि पाऊस तिघेही एकाच बाजूने येणार. भिंतभर काच लावायचा मोह होईल. तिथे पडवीत बसून बघा, काच नको. एप्रिल-मेमध्ये चारनंतरचं ऊन त्या काचेतून आत आलं की पंख्याने काही होत नाही. दमट हवेत वारा अंगावरून गेला पाहिजे, त्यामुळे खिडक्या समोरासमोर, आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर जायला जाळ्या.

छपराचं आढं (माथ्याची रेघ) उताराला आडवं, म्हणजे चुन्याच्या रेघेला समांतर घेतलं की घर जमिनीशी जुळतं आणि पश्चिमेच्या वाऱ्याला उंच त्रिकोणी भिंत देत नाही. अडचण एकच: अर्ध्या छपराचं पाणी मागच्या गल्लीत, डोंगराच्या बाजूला पडतं. तिथेच तुमच्या पिण्याच्या पाण्याची सोय आहे. मागच्या पाख्याला पन्हळ लावा आणि ते पाणी घराला वळसा घालून खालच्या टप्प्याशेजारच्या टाकीत न्या. मागची गल्ली कोरडी राहते, टाकी गुरुत्वाने भरते, पंप लागत नाही. हिशोब करून बघा. 50 चौरस मीटरच्या पाख्यावर 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 1 लाख 20 हजार लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 10 लिटर, घरात पाच माणसं आणि पावसाविना 200 दिवस धरले, तर लागतात 10 हजार लिटर. म्हणजे पाणी हाती येतं त्याच्या बाराव्या हिश्शाएवढी टाकी पुरते. उगाच लाखभर लिटरची टाकी सुचवणाऱ्याला विचारा, ती कोण धुणार? पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायची तोटी ठेवा, मध्ये वाळू-कोळशाची गाळणी, टाकीत उजेड जाता कामा नये. पिण्याआधी मात्र ते उकळा. भरलेल्या टाकीचं पाणीच 10 टन असतं, तेव्हा तीही मूळ जमिनीवर, भरणीवर नाही. अंघोळ, कपडे, झाडं यांना विहीर. सड्याखालच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात, ते शेजाऱ्यांना विचारून घ्या.

पुढच्या पाख्याला पन्हळ नसली तरी चालते. पागोळ्या जिथे पडतात तिथे दोन फूट रुंदीचा दगडी पट्टा बसवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे चर पडतो.

कौलं की पत्रा? मला कौलं आवडतात. मोडणाऱ्या जुन्या घरांची मंगळुरी कौलं स्वस्तात मिळतात आणि अनेकदा नव्याहून चांगली निघतात. पण वानरांचा प्रश्न खरा आहे. आंब्या-काजूच्या दिवसांत वीस-पंचवीसांचा कळप छपरावरून गेला की पन्नास कौलं फुटतात, आणि साठीच्या माणसाने दरवर्षी छपरावर चढावं असं मी सांगणार नाही. मधला मार्ग म्हणजे खाली पत्रा, वर बत्त्यांवर कौलं. कौल फुटलं तरी घर गळत नाही, आणि पत्र्याचा ताप नि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात छपरं उडाली, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. म्हणून वासे भिंतीवर नुसते टेकवू नका. छपराखालच्या सळईच्या पट्ट्यात बोल्ट सोडून त्यांना वासे आवळून घ्या, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. वारा खालून शिरून आधी पडवी उचलतो. ती सुटी असली तर सगळं घर बरोबर नेत नाही.

सांडपाण्याबद्दल एकच: शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि किमान 50 फूट लांब. तुमच्या खाली शेजाऱ्याची विहीर असेल तर तिच्यापासूनही. जांभ्यातल्या भेगांतून मैला फार गाळला न जाता पुढे सरकतो. गडग्याच्या लगेच वरही शोषखड्डा नको. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी केळी-अळूला द्या, ते कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही.

कामाचा क्रम असा लावा. यंदाच्या जुलैत पाणी बघा, दिवाळीपर्यंत नकाशा आणि परवानगी. नोव्हेंबरात सर्वांत आधी वरचा चर आणि त्याची नाळ, मग खोदाई, त्याच्या पाठोपाठ गडगे, आणि मग जोतं. ठेकेदार उलटं करेल: आधी घर, आणि पैसे उरले तर चर. तसं लेखी करारातच बदलून घ्या, चर आणि गडगे पूर्ण झाल्याशिवाय जोत्याचा हप्ता नाही. मेच्या शेवटी छप्पर झालं नसेल तर घाई करू नका, भिंतींच्या माथ्यावर झाकण घालून काम थांबवा. पण उघडा काप मात्र तसाच पावसात सोडायचा नाही, त्याला आधार आधी. आणि घर पूर्ण झाल्यावरचा पहिला पावसाळा कुलूप लावून मुंबईला काढू नका. चर कुठे तुंबतो, गडग्यातून गढूळ पाणी येतं की स्वच्छ, फरशीच्या कोणत्या सांध्याला ओल येते, हे त्या चार महिन्यांत दिसतं. स्वच्छ पाणी आलं तर गडगा आपलं काम करतोय. गढूळ आलं तर मागची माती वाहून चालली आहे. पाऊस ओसरताच तेवढा भाग उघडून मागची खडी पुन्हा भरून घ्या.